लॉनवरची गाडी

वळ गावातल्या आमच्या घराला लागून पत्र्याची एक शेड आहे. पूर्वी तिच्यात भाताचा पेंढा असायचा, पुढे आजोबांची अमेरिकन गाडी आली. आजोबांनी ती नारपोलीच्या एका कापडाचे लूम असलेल्या शेठकडून घेतली होती. आसपासच्या गावांतल्या वराती तिच्यातूनच निघायच्या. मग ती बंद पडली आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेतं गेली, गोडाऊनं आली, दारात कंटेनर उभे राहू लागले, तरी गाडी भंगारात गेली नाही, कारण बाबांनी तिला कोणाला हात लावू दिला नाही.

बाबांनी जन्मभर ट्रक चालवला आणि स्वतःचा ट्रक स्वतःच खोलला. मी त्यांची थोरली मुलगी, नारपोलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. धाकटा भाऊ गोडाऊनं भाड्याने देतो आणि टायर पंक्चर झालं तरी कोणालातरी फोन करतो. हे मी रागाने लिहीत नाही, असं म्हणणार होते. पण रागानेच लिहिते आहे.

आई गेल्यावर बाबा ओट्यावर नुसते बसून असायचे. मला ते बघवेना. एका रविवारी मी म्हटलं, चला, गाडी चालू करू. ते हसले आणि म्हणाले, तुला काय जमणार. पण उठले. त्या दिवसापासून माझे सगळे रविवार त्या शेडमध्ये गेले. नवरा चिडवायचा की बायको माहेरी जाते साडी नेसून आणि येते ग्रीसच्या वासात.

इंजिन सहा सिलिंडरचं, आणि पार जाम. प्लग काढून भोकांमधून रॉकेल आणि तेल ओतायचं, रविवार ते रविवार मुरू द्यायचं, मग पुलीवर मोठा पाना लावून जोर करायचा. कितीतरी आठवडे ते हललं नाही. ज्या दिवशी नखभर फिरलं, त्या दिवशी बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. शेजाऱ्यांना काय दिसलं देव जाणे, पण त्यांनी माना डोलावल्या. तिची सहा व्होल्टची बॅटरी आता सहजासहजी मिळत नाही. बाबा म्हणाले, बारावाली लाव, काय होत न्हाय. लावली, आणि पुढचे-मागचे सगळे बल्ब एकदम गेले. आम्ही दोघं मडगार्डला टेकून पोट धरून हसलो. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच असे हसत होते.

हळूहळू कामं वाटली गेली. व्हॉल्व्ह घासणं, कार्बोरेटर, वायरिंग माझ्याकडे. ब्रेक, क्लच, आणि मला शिव्या घालणं त्यांच्याकडे. मिळत नसलेलं पॅकिंग मी कार्डबोर्डवर आखून कापून आणायची. पत्र्यातले खड्डे लांबीने बुजवून पॉलिश पेपर मारता मारता माझ्या बोटांचे ठसे गेले होते, शाळेच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा उमटेना. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘माझ्या बायची गाडी हाय ती.’ बाय म्हणजे मी. ते वाक्य ऐकायला मी आठवडाभर वाट बघायची, हे कबूल करायला आता लाज वाटते.

मग भावाने बायपासला लागून असलेल्या जमिनीवर लग्नाचं लॉन बांधायला काढलं. जमीन आजोबांची, म्हणजे तिच्यात माझाही हिस्सा. आमच्याकडे अशा वेळी बहिणी हक्कसोड करून देतात. जाऊन सही करायची, वाटा भावाच्या नावे सोडायचा, भाऊ साडी नेसवतो, जेवण होतं, आणि माहेरचं दार उघडं राहतं. जी सही करत नाही तिचं काय होतं, तेही सगळ्यांना माहीत असतं. शाळेतल्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. बायपासची जमीन अशी सोडतात का, म्हणाल्या. मी म्हटलं, मला जमीन नको, मला गाडी मिळते आहे.

सही करायला जाताना रिक्षात बाबा माझ्या शेजारी बसले होते. न विचारता म्हणाले, ‘जमीन त्याची, गाडी तुझी.’ मी त्यांचा हात दाबला. एवढंच आमचं बोलणं. लिहून घ्यावं असं मनातही आलं नाही. बापाकडून कोण लिहून घेतं?

त्यानंतरही दोन पावसाळे आम्ही काम करत होतो. शेवटी श्रावणात ती चालू झाली. आधी खोकली, काळा धूर ओकली, आणि मग अशी लागली की पत्रे थरथरले. मी ती गावदेवीच्या देवळापर्यंत नेऊन आणली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, तो कुठे पडतोय हे मला चढण लागल्यावरच कळत होतं. बाबा शेजारी खिडकीबाहेर कोपर काढून बसले होते. भाऊ पुढे एका मित्राच्या मोटारसायकलवर मागे उलटा बसून मोबाईलवर शूटिंग घेत होता. मला वाटलं, कौतुकाने घेतोय. दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि तिला माझ्या दारी न्यायची, असं त्या दिवशीच ठरलं. आमच्या सोसायटीत मी पार्किंगची जागा झाडून घेतली. नवऱ्याने स्वतःची स्कूटर भिंतीला लावली.

सहामाही परीक्षेच्या गडबडीत दोन-तीन रविवार माझं जाणं झालं नाही. दसऱ्याला सकाळी झेंडूच्या माळा, नारळ, लिंबं घेऊन मी गेले. शेड रिकामी होती. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा होता. भावजय म्हणाली, सगळे लॉनवर आहेत, आज उद्घाटन आहे ना. मला उद्घाटनाचं कोणी सांगितलं नव्हतं.

लॉनच्या दारातच गाडी होती. सिमेंटच्या चौथऱ्यावर चढवलेली, चाकांना खालून लोखंडी ठोकळे वेल्डिंग केलेले, टपावर थर्माकोलचे हंस. रंग आम्ही दिलेला गडद हिरवा जाऊन गुलाबी झाला होता. एक पोरगेला फोटोग्राफर कोणालातरी सांगत होता की, ‘दूल्हा-दुल्हन की एंट्री पे बोनेट में से धुआँ आएगा.’ मी बोनेट उचललं. आत इंजिन नव्हतं. धुराचं मशीन ठेवलं होतं.

इंजिन मला स्वयंपाकाच्या मांडवामागे सापडलं, गॅसच्या रिकाम्या सिलिंडरांशेजारी. तोपर्यंत मी भावाला मनातल्या मनात काय काय म्हणून घेतलं होतं. भंगारवाला बोलावून हातोड्याने काढलं असणार, असंच वाटलं. वाकून बघितलं तर प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात दोन आटे फिरवून परत बसवलेला. मॅनिफोल्डचे नट आपापल्या जागी. कार्बोरेटरच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून चिंधी कोंबलेली, आणि ती चिंधी बाबांच्या चौकड्याच्या लुंगीची. असं इंजिन काढणारा आमच्या घरात एकच माणूस आहे. इंजिन काढायची दुसरी पद्धत त्यांनी मलाही कधी शिकवली नव्हती. मी तिथेच सिलिंडरवर बसले. भावावरचा राग असा कुठल्या कुठे गेला, आणि त्या जागी जे आलं त्याला मी अजून नाव देऊ शकत नाही. कोणी केसाने गळा कापला की माणूस ओरडतो तरी. मी माळा उचलल्या आणि बाबांना शोधायला मांडवात गेले.

बाबा पांढऱ्या कपड्यांत, फेटा बांधून पाहुण्यांत बसले होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्या हातातल्या माळा बघितल्या आणि नजर खाली घातली. मी विचारलं, त्याला कधी दिली? मला वाटलं, म्हणतील परवा, म्हणतील त्याने गळ घातली, नाइलाज झाला. बाबा खोटं बोलत नाहीत, ही त्यांची ख्याती.

‘लॉन काढला तवाच सांगितला व्हता त्याला, गाडी तुझी,’ ते म्हणाले.

म्हणजे रिक्षात माझ्या शेजारी बसले तेव्हा त्यांना माहीत होतं. माझ्याकडून व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा घासून घेतले तेव्हा माहीत होतं. गावदेवीला खिडकीबाहेर कोपर काढून बसले तेव्हाही. दोन पावसाळे मी जिचं वायरिंग करत होते ती गाडी दुसऱ्याची होती, आणि हे त्या शेडमधल्या दोन माणसांपैकी एकाला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, मग मला काम कशाला करू दिलंत?

‘तू येत व्हतीस,’ बाबा म्हणाले. ‘गाडी त्याची हाय सांगितला असता तर आली असतीस काय?’

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. डोळे ओले झाले होते. माझ्या मनात आलं, की यांना मी हवी होते म्हणून यांनी मला फसवलं, आणि आता मी यांची कीव करावी अशी यांची अपेक्षा आहे. कीव आलीही. ती मला जास्त लागली.

‘पण माझ्याकडे का नको?’ मी विचारलं.

‘जावयाच्या दारात कशी उभी करू, बाय? बापाची चीज हाय. आपल्या घरात ऱ्हायाला पायजे.’

आपल्या घरात. मी त्यांच्यापुढे उभी होते, त्यांचंच नाक, त्यांच्याच बोटांवर असते तशी काळी रेघ माझ्या नखांत, आणि त्या ‘आपल्या’मध्ये मी नव्हते. पाहुणे बघायला लागले होते. मला आता भांडायचंही नव्हतं. मी म्हटलं, बाबा, इंजिन तरी द्या. ते पावसात कुजेल. मी घरी नेऊन स्टँडवर बसवीन, नुसतं चालू ठेवीन.

आयुष्यात त्यांनी कधी कोणाला विचारून काही केलेलं मी पाहिलं नाही. ट्रक घेतला तेव्हा नाही, मला शिकवलं तेव्हा नाही, गावाचा विरोध असताना मला नोकरी करू दिली तेव्हाही नाही. माझ्या त्या प्रश्नावर मात्र त्यांनी मान वळवली, आणि फेटा सावरत मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावाकडे बघितलं.