हनुवटीपर्यंतची पट्टी

काचेवर दुधी फिल्म चिकटवणारा तो मिस्त्री म्हणजे नाकावर राग. पंचवीस वर्षं लोकांच्या काचेच्या भिंती झाकून त्याचं एक मत पक्कं झालं होतं. आधी चांगल्या भिंती पाडून काचा लावायच्या, सगळं कसं मोकळं मोकळं म्हणून मिरवायचं, आणि उघडं पडल्यासारखं वाटलं की याला फोन करायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडावर तो हे ऐकवायचा. बायको म्हणायची, तुमच्या जिभेलाच एखादी फिल्म लावा.

पण त्याच्या कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. खोलीतल्या प्रत्येक खुर्चीवर तो स्वतः बसायचा, समोरून काय काय दिसतं ते बघायचा आणि मगच काचेवर खूण करायचा. टेबलापासून बसलेल्या माणसाच्या हनुवटीपर्यंत दुधी पट्टी, त्याच्या वर मोकळं. माणसाचा चेहरा दिसावा, हात काय करतात ते कुणी बघू नये, हा त्याचा नियम. कुणी नखं खातं, कुणी मांडीवर डबा उघडतं. बघणाऱ्याच्या बापाचं काय जातं?

कवळ्या बनवायच्या एका कारखान्यात त्याला बोलावलं ते सुट्टीच्या दिवशी. तिथे शेजारी शेजारी दोन खोल्या. एकीत मेणात दात बसवायचे, दुसरीत तयार कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या. तिकडची धूळ इकडे येऊ नये म्हणून मधे काच, आणि दोन्ही खोल्यांवर नजर ठेवायला मालकाची केबिनही काचेचीच. मालकाला मधली काच छतापर्यंत झाकून हवी होती. कामगारांना जरा आडोसा, म्हणाला. मिस्त्री उखडला. दिवसभर पांढरी भिंत बघून माणसं वेडी होतील, आणि आडोशाचा एवढा पुळका असेल तर आधी तुमच्या केबिनची काच झाका, म्हणाला. अर्धा तास दोघांची जुंपली. शेवटी मालकाने वैतागून हनुवटीपर्यंतची पट्टी कबूल केली, आणि मिस्त्री ती लावून मोठ्या तोऱ्यात घरी गेला.

चार दिवसांनी फिल्मखालचे पाण्याचे बुडबुडे सुकले का ते बघायला तो परत आला. मेणाच्या खोलीत एक बाई बसल्या बसल्या दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन बोटं हलवत होती. काचेपलीकडे घासकाम करणारा माणूस तिच्याकडे टक लावून बघत होता आणि कळलं नाही म्हणून मान हलवत होता. मिस्त्रीला हसू आलं. ही काय कवायत चाललीय, असं त्याने मालकाला विचारलं.

मालक खुशीत होता. ती नवरा-बायको, म्हणाला. दोघांनाही ऐकू येत नाही की बोलता येत नाही, सगळं बोलणं हातांनी. कामावर फोनला बंदी, म्हणून काचेतून दिवसभर गप्पा. ओरडून उपयोग नाही, ऐकणार कोण?

"मला सगळीच काच झाकायची होती. पण मिस्त्री, तुमची पट्टी त्याहून भारी निघाली. आता बोलायचं तर उभं राहावं लागतं, आणि उभं राहिलं की मला इथून दिसतं. कालच तिला ताकीद दिली. अजून एकदा उभी दिसली की कामावरून काढणार."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकाचा राग आलाच, पण स्वतःचा त्याहून जास्त आला. हट्टाने, भांडून, खुर्चीत बसून मापं घेऊन त्याने दोन माणसांचे चेहरे उघडे ठेवले होते आणि त्यांची जीभ छाटली होती. नालायक लेकाचा, असं स्वतःलाच म्हणत त्याने पिशवीतून पातं काढलं आणि तो मेणाच्या खोलीत शिरला.

मालक मागोमाग धावला. काच माझी आहे, हात लावलास तर पोलिसांना बोलावीन, म्हणाला.

"बोलवा. मुक्या माणसांचं तोंड दाबायला मला बोलावलं होतं, हेही त्यांना सांगा."

त्याने पात्याने कोपरा उचकटला आणि फिल्म खेचली. चरचरत अर्धी पट्टी हातात आली. तेव्हा त्या बाईचं लक्ष त्याच्याकडे गेलं. हातातलं पातं, फिल्म, एवढ्यावरून तिने ओळखलं की पट्टी लावणारा हाच. ती ताडकन उठली आणि तिचे हात त्याच्यावर सुटले. बोट काचेकडे, बोट त्याच्या छातीवर, मूठ आपल्या तोंडावर, पुन्हा बोट त्याच्या छातीवर. पलीकडून नवरा काचेवर थापा मारून खुणेने तिला आवर म्हणत होता, पण ती तिकडे बघेना. मिस्त्रीला त्यातली एकही खूण कळत नव्हती, तरी त्याची कानशिलं तापली. आजवर त्याने कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आता तो चुरगळलेली फिल्म धरून उभा राहिला. मालक दंड धरून ओढत होता, पण तिचं संपेपर्यंत त्याने तिच्या हातांवरची नजर काढली नाही, कारण त्याने मान खाली घातली असती तर तिचं बोलणं पुन्हा तुटलं असतं.