मेंढ्याच्या गाडीचे डॉक्टर

डॉक्टर गाडीची गोष्ट सांगायला लागले की समोर कोण आहे ते बघत नसत. पोस्टमन एक पाय सायकलवर आणि एक जमिनीवर ठेवून निघायच्या बेतात असायचा, आणि हे त्याला ‘दोन भाऊ होते’ इथपासून सुरुवात करायचे. कचरा न्यायला येणाऱ्यालाही त्यांनी ती गोष्ट ऐकवली होती. मला किती वेळा ऐकवली त्याला गणती नाही. गाडी अमेरिकन, सत्तर वर्षांची, गडद हिरवी. बॉनेटच्या टोकाला डोकं खाली घालून धडक द्यायला निघालेला चकचकीत मेंढा. कंपनीचं नाव डॉक्टर कधी घेत नसत, ‘आमचा मेंढा’ म्हणत. मीही मेंढाच लिहितो. ज्यांनी अशा गाड्या पाहिल्यात त्यांना कळेल.

डॉक्टर म्हणजे सुई टोचणारे नव्हेत, बटाट्याचे डॉक्टर. साठ वर्षांपूर्वी पुण्याहून हॉलंडात वाखनिंगनला बटाट्याच्या रोगांचा अभ्यास करायला आले, तिथल्याच आन्या नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि राहिले. म्हातारपणी दोघं लायडस्खेनडामला आले, माझ्या लेकीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी कराडचा मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, पुढे पन्नास वर्षं गॅरेज. त्या मेंढ्याच्या घराण्यातली इंजिनं आमच्याकडे ट्रकांना असायची, ती मी शेकड्यांनी खोलली. हे मिरवायला सांगत नाही, पण लपवायलाही नाही. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलो होतो. करोना आला, विमानं बंद झाली, मी अडकलो. लेक आणि जावई दिवसभर दोन खोल्यांत दोन कॉम्प्युटरांसमोर. नातीला मराठी समजतं, पण उत्तर डचमध्ये. बोलायला माणूस नाही. म्हणून मी नुसत्या फेऱ्या मारायचो.

अशाच एका फेरीत घरांमागच्या गॅरेजांच्या रांगेतून आवाज आला. कोणीतरी सेल्फ मारत होतं. मारतंय, मारतंय, सोडायचं नाव नाही. बॅटरीचा जीव चालला होता. मला राहवेना. मी बाहेरून मराठीतच ओरडलो, “अरे, चोक सोड की आधी!”

आतून उत्तर आलं, “सोडलाय हो!”

जरा वेळाने गाडीच्या दारातून पांढऱ्या केसांचं डोकं बाहेर आलं.

“कुठले?”

“कराड.”

“मिस्त्री?”

“हात बघून ओळखलंत?”

“नाही, राग बघून.”

त्या दिवसापासून मी रोज सकाळी गॅरेजवर जायला लागलो. डॉक्टर दाराबाहेर स्टुलावर बसायचे, दीड मीटर अंतर राखून, मांडीवर गाडीचं जुनं पुस्तक. मी आत, तोंडाला लेकीने शिवलेलं फडकं बांधून. ते पुस्तकातून वाचून दाखवायचे, मी करायचो ते माझ्याच मनाने.

“मिस्त्री, इथे लिहिलंय की आधी हा नट—”

“लिहिणाऱ्याला पाठवा, मी सुट्टी घेतो.”

“तुमच्यासारखा विद्यार्थी मिळाला असता तर मी बटाटे सोडले असते.”

“माझ्यासारख्याला तुमच्या कॉलेजात कोणी आत घेतलं असतं होय?”

यावर ते हसले नाहीत. म्हणाले, “नाही घेतलं. चूक झाली.” सरळ कबूल करायची त्यांची पद्धत होती. मला ती पटकन पचायची नाही.

गोष्ट रोज व्हायची. दोन भाऊ होते, लोहारकाम करणाऱ्याची पोरं. दहा वर्षं दुसऱ्याच्या गाड्यांचे भाग करून दिले, मग म्हणाले आता आपली स्वतःची काढू. दोघं इतके एकजीव की पत्रावर एकाचंच नाव असलं तर न फोडता परत करायचे. गाडी अशी बनवली की लोक तिला भरवशाची म्हणायला लागले, आणि तो शब्द शंभर वर्षं तिला चिकटला. मग तापाची साथ आली, तीही शंभर वर्षांपूर्वी. थोरला वर्षाच्या सुरुवातीला गेला. धाकटा त्याच आजारातून उठला तो खंगलेलाच, वर्ष संपायच्या आत तोही गेला. बायकांनी कंपनी विकली, ती या हातातून त्या हातात गेली. “आणि मिस्त्री, हा मेंढा नंतर बसवला. त्या भावांनी तो पाहिलाच नाही.” इथे ते रुमाल काढून मेंढ्याची शिंगं पुसायचे. मी म्हणायचो, “भावांचं राहू द्या, डॉक्टर. पेट्रोलची नळी कुजलीय ती बघा.”

स्वतःचा संसारही ते गाडीवरूनच सांगायचे. गाडी त्यांनी वाखनिंगनजवळच्या एका शेतकऱ्याकडून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. लग्न नोंदवायला खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत गेले ते हिच्यातून. मुलगा मागच्या सीटवर जन्माला येता येता राहिला. कडाक्याच्या थंडीत डॉक्टर प्लग काढून भट्टीत गरम करायचे, आणि आन्याबाई म्हणायच्या की पावाला पेट्रोलचा वास येतो. इंजिनात एक टकटक होती, पहिल्यापासून. संध्याकाळी डॉक्टर वळणावर आले की आन्याबाईंना ती स्वयंपाकघरात ऐकू यायची, आणि त्या उकडलेल्या बटाट्यांचं पाणी ओतायला घ्यायच्या. “चाळीस वर्षांत एकदाही बटाटे थंड खाल्ले नाहीत,” डॉक्टर म्हणायचे.

आता आन्याबाई फोरबर्गला वृद्धांच्या देखभालीच्या घरात होत्या. आठवण गेलेली. चार वर्षं त्या तिथे, आणि चार वर्षं गाडी गॅरेजात. आधी डॉक्टर रोज जाऊन हात धरून बसायचे. करोना आला आणि दारं बंद झाली, आत कोणालाच सोडेनात. आन्याबाईंची खोली तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला होती. डॉक्टर ट्रामने जायचे, काचेबाहेर तासभर उभे राहायचे. बाई मांडीवरच्या हातांकडे बघत बसायच्या. वर बघायच्या नाहीत.

एका सकाळी पुस्तक मिटून ते म्हणाले, “मिस्त्री, माझा चेहरा तिच्यातून गेला. कानातलं काही शिल्लक असेल. ही गाडी एकदा तिच्या खिडकीखाली न्यायचीय. बाकी मला काही नको.” आणि जरा थांबून, “ती टकटक आहे ना, तिला हात लावू नका.”

हे मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण मला वाटलं, म्हातारा संकोच करतोय, मिस्त्रीला किती त्रास द्यायचा म्हणून. आणि दुसरं खरं कारण असं की माझ्या हाताखालून आजवर एक गाडी टकटक करत बाहेर गेलेली नाही. कराडात लोक इंजिनावर पाण्याचा पेला ठेवून दाखवायचे, पाणी हलतं का बघा म्हणायचे. व्हॉल्व्ह उचलणारा टॅपेट ढिला, दुसरं काय. डॉक्टर फोरबर्गला आन्याबाईंच्या खिडकीपाशी गेले होते तेव्हा मी इंजिन गरम केलं, पुढच्या चाकाच्या आतून हात घातला आणि बाराच्या बारा टॅपेट पात्यांनी फट मोजून बसवले. दोन बोटं भाजली. इंजिन असं झालं की चालू आहे का बंद, हे हात लावून बघावं.

डॉक्टर आले. मी सेल्फ मारला आणि छाती काढून उभा राहिलो. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “फार सुंदर झालंय.” आणि आत जाऊन टाय बांधून आले.

आम्ही गेलो. ते चालवत होते, मी मागच्या सीटवर, काचा खाली. फोरबर्गच्या त्या खिडकीसमोर गाडी उभी केली. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली, एकाने सायकल बाजूला घेऊन फोटो काढला. आन्याबाई हातांकडे बघत होत्या. डॉक्टरांनी गाडी पुढे नेली, वळवून परत आणली, पुन्हा नेली, पुन्हा आणली. पाचव्या फेरीला हॉर्न वाजवला. आतून एक नर्स आली आणि तिने बोट ओठांवर ठेवलं. बाईंनी मान हलवली नाही.

परतताना डॉक्टर आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही गाडी नवी केलीत. आन्या जुनीला ओळखते.”

मला राग आला, आधी त्यांचा, मग माझा. “टकटक कशासाठी हवी ते मला नीट सांगायला काय झालं होतं?” मी म्हणालो.

“सांगितलं होतं.”

“जोरात सांगायचं! अडाणी माणसाला जोरात सांगावं लागतं.”

“तुम्ही अडाणी नाही, हट्टी आहात,” ते म्हणाले. “मीही आहे. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी मी जन्मात न केलेलं काम केलं. बसवलेला टॅपेट ढिला केला. वाटलं होतं पाच मिनिटांचं आहे. पण एक ढिला केला तर आवाज बारीक यायचा, दुसरा केला तर खडखड. डॉक्टर स्टुलावर डोळे मिटून. “नाही. ही कोणाची तरी दुसऱ्याची गाडी.” दुपारपर्यंत तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. इंजिन बिघडवणं इतकं नाजूक काम आहे हे मला सत्तरीनंतर कळलं. आठव्या दिवशी मी मागून पाचवा टॅपेट पाव फेरी सोडला, आणि डॉक्टरांचा हात वर झाला. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तसेच बसले. मी इंजिन बंद करायला गेलो तर म्हणाले, “राहू द्या जरा.”

“लगेच निघू या का?”

“उद्या जाऊ. आज अंग मोडून आलंय.”

अंग मोडून आलं ते तापाने. हाउसआर्ट्स म्हणजे इथला वस्तीचा डॉक्टर. तो फोनवर म्हणाला, घरी पडून राहा. चौथ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. स्ट्रेचरवरून त्यांनी हात वर केला, आदल्या आठवड्यात केला होता तसाच. मला वाटलं, येतील. नऊ दिवसांनी गेले. अंत्यविधी लेकीच्या कॉम्प्युटरवर पाहिला. चार खुर्च्या, लांब लांब ठेवलेल्या.

टकटक परत आणण्यात गेलेले ते आठ दिवस माझ्या माथी. लेक म्हणते, बाबा, असं नसतं. असतं. मला शिकवू नये.

त्यांचा मुलगा ग्रोनिंगनहून आला. मराठी अजिबात नाही, लेकीने मधे उभं राहून बोलणं करवलं. गाडी कोणीतरी न्यायला येणार होतं, दुपारी. मी म्हणालो, सकाळी मला एकदा द्या. का, ते मी सांगितलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली. मला म्हणाला, आईला बाबांचं फोनवर दोनदा सांगितलंय, पण तिच्याजवळ ते राहत नाही.

माझा परवाना इथे चालत नव्हता. स्टिअरिंग डाव्या बाजूला, रस्ता उजवीकडचा. मी गेलो.

खिडकीसमोर गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवलं. आन्याबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांची मान हळूच तिरकी झाली, जसं कोणी दुसऱ्या खोलीतून हाक मारल्यावर होते. खुर्चीच्या हाताला धरून त्या उठल्या. काचेपाशी आल्या. केसांवरून हात फिरवला, गळ्याशी ब्लाउजचं बटण लावलं. गाडीच्या काचांवर आभाळ पडलं होतं, आतला माणूस त्यांना दिसत नसावा. त्या गाडीच्या दाराकडे बघत होत्या. चेहरा असा होता की मी तो डॉक्टरांच्या वतीने बघायलाही धजत नव्हतो.

मी दाराच्या कडीला हात घातला, आणि काढून घेतला. दार उघडलं असतं तर त्यातून मी उतरलो असतो. त्या उभ्या होत्या तोवर मी इंजिन चालू ठेवून तसाच बसून राहिलो.