आपांच्या टेबलावरची पाटी

गोडाऊनमध्ये नोकरी केली की किस्से साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यात थोडे उरतातच! मी बी.कॉम. होऊन भिवंडीजवळ दापोड्याच्या एका कापडाच्या गोडाऊनमध्ये चलनं लिहायला लागले, दोन हजार चारच्या सुमारास. हे तिथलेच. हसायला म्हणून सांगते, पण मला अजून धड हसता येत नाही.

*

पहिला दिवस. पॅकिंग सांभाळणाऱ्या बाई बुरख्यात. मी चाचरत विचारलं, "आपा, पानी किधर मिलेगा?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "का गं पोरी, तुला मराठी येत न्हाय का?"

आपा भिवंडीतल्या कोकणी मुसलमान, पिढ्यान् पिढ्या इथल्याच. आम्हाला कल्याणला येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती!

*

शटर धाडकन पडलं की मी किंचाळायचे. रोज! आपा पाठीवर हात ठेवायच्या, "अगं, शटर हाय, वाघ न्हाय!"

पुढे तर शटर पाडायच्या आधी त्याच ओरडायच्या, "थांबा रे! माझ्या पोरीला कान झाकू द्या!"

*

टेम्पोवाले बळीरामदादा दिघाशीचे आगरी. एकदा त्यांचा आणि आपांचा डबा बदलला. दोन्हींत तांदळाची भाकरी आणि सुकट. दोघांनी चाटूनपुसून खाल्लं, पत्ताच नाही! डबे धुताना झाकणावरचं नाव दिसलं.

"तरी म्हटलं, आज मीठ कमी कसं!" आपा म्हणाल्या.

"आन् मी म्हटलं, आज बायको खूश हाय वाटतं!"

*

मग सव्वीस जानेवारी आली. साहेबांचं फर्मान: विविधतेत एकता! प्रत्येकाने आपापल्या प्रांताचा पदार्थ आणायचा, टेबलांवर पाट्या लावायच्या. अक्षर बरं म्हणून पाट्या माझ्याकडे. महाराष्ट्र. उत्तर प्रदेश. आंध्र. एरवी कशालाही दचकणारी मी, चौथी पाटी लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. सुबक अक्षरात लिहिलं, 'मुस्लिम'.

आपा डबा घेऊन आल्या. पाटी वाचली. "ह्ये राज्य कुठं आलं गं?"

"तसं नाही आपा... सगळ्या संस्कृती दिसाव्यात म्हणून..."

"बरं," म्हणाल्या. बसल्या. डबा उघडला. भाकरी, सुकट.

बळीरामदादांनी महाराष्ट्राच्या टेबलावरचा आपला डबा उचलला आणि त्यांच्याशेजारी नेऊन ठेवला. "मंग माझं बी राज्य ह्येच!"

सगळे हसले. आपा सोडून. महाराष्ट्राच्या टेबलावर उरली माझी साबुदाण्याची खिचडी. साहेबांनी तिचा फोटो काढला!

उद्या माफी मागू, असं मी घरी जाताना ठरवलं. वाक्यसुद्धा पाठ केलं.

*

दुसऱ्या दिवशी शटर पडलं. आधी कुणी ओरडलं नाही. मी किंचाळले.

आपा हातातलं काम ठेवून आल्या. पाण्याचा ग्लास पुढे केला.

"डरो मत, बेटी," त्या म्हणाल्या. "शटर है."