वाळूवहिनींचा दांडा

थोरल्याने पसंत केलेली मुलगी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा धाकट्याला वाटलं की समुद्रच जिना चढून वर आलाय. आधी पायऱ्यांवर पाण्याचे ओघळ दिसले, मग वाळू आली, मग निदान मैलभर लांबीचा दोर आला आणि सगळ्यांत शेवटी गुडघ्यापर्यंत भिजलेली, खांद्यावर पोतं घेतलेली एक मुलगी आली. आईने दार उघडलं, तिला आपादमस्तक पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "बांधकाम शेजारच्या इमारतीत चाललंय."

"नाही हो, मी तुमच्याकडेच आलेय," म्हणत मुलीने पोतं नव्याकोऱ्या पायपुसण्यावर टेकवलं. "वाटेत किनाऱ्यावर नमुने घ्यायला थांबले होते."

मग चहा आला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि ती साखरेच्या भांड्याकडे. ते तिने हळूहळू तिरपं करायला घेतलं, साखर घसरून टेबलावर सांडेपर्यंत केलं आणि आनंदाने म्हणाली, "किती कोरडी ठेवलीय हो साखर! ओलसर असती तर एवढ्यात घसरली नसती."

आईच्या साखरेची इतक्या बारकाईने स्तुती जन्मात कुणी केली नव्हती. लग्न ठरलं.

तेव्हापासून ती वाळूवहिनी. धाकट्याचं घराखालीच चष्म्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की तो वर यायचा आणि वहिनींच्या खोलीत डोकवायचा. खिडकीत नमुन्यांच्या बाटल्या, पलंगाखाली चाळण्यांची चळत आणि टेबलावर रात्रंदिवस घरघरणारा संगणक. थोरला आपल्याच घरात पाहुण्यासारखा एका कडेला झोपायचा.

"वहिनी, वाळूवर पीएच.डी. म्हणजे नक्की करता काय? मोजता?"

"वाळूला पाय नसतात, भावोजी, पण ती चालते. लाट तिला उचलते, प्रवाह पुढे नेतो. कुठून किती गेली आणि कुठे किती आली याचा हिशोब लावला की समुद्राचा तळ कुठे चढेल, कुठे खचेल ते कळतं."

हा हिशोब वहिनी संगणकात करायच्या. बंदराच्या तोंडाशी वाळूचा एक लांबट दांडा होता. तो दर मोसमात जागा बदलायचा आणि होड्या त्यावर रुतायच्या. तो पुढे कुठे जाईल हे आधीच सांगणारं मॉडेल, हाच त्यांचा प्रबंध. पण भविष्य सांगायचं तर आधी भूतकाळ जुळायला हवा. तळाची मोजणी दोनदा झालेली होती. पहिली मोजणी मॉडेलमध्ये घातली की दुसरी निघायला हवी. समुद्रातला दांडा या दोन मोजण्यांच्या मधल्या काळात उत्तरेकडे सरकला होता. वहिनींचा मात्र इमानेइतबारे दक्षिणेकडे चालू लागायचा.

सत्र संपत आलं होतं. मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं की दांडा जुळला नाही तर प्रबंध स्वीकारला जाणार नाही. म्हणजे सात वर्षांवर पाणी सोडायचं. वर सरांनी फोनवरून उपायही सुचवला.

"वाहतुकीचा गुणांक जरा वाढवून बघा."

"सर, त्याने दांडा जास्तच जोरात दक्षिणेला जाईल."

"मग ऋण करा!"

"म्हणजे वाळू पाण्याविरुद्ध पोहते, असं लिहू?"

हे ऐकून धाकट्याने बसल्याजागी वहिनींना मनातल्या मनात नमस्कार केला. तो स्वतः चष्म्याचा नंबर जुळेना की गिऱ्हाइकाला "सवय होईल" म्हणून वाटेला लावायचा.

"वहिनी, नकाशा उलटा तर धरला नाहीत ना?"

"तेही पाहिलं, भावोजी," वहिनी म्हणाल्या. खरंच पाहिलं होतं.

एका सकाळी आई बाजाराला म्हणून निघाली आणि थोड्या वेळाने तिचा फोन आला. धाकट्याने तो स्पीकरवर घेतला, कारण आईचा आवाज कानाजवळ धरण्यासारखा नव्हता.

"कंडक्टरला विचारलं, बाजाराची बस का? मेला म्हणतो, बाजाराचीच! आणि आणून टाकलं मला पार शेवटच्या स्टॉपवर!"

"अगं आई, ती बाजाराहून येणारी. तुला बाजाराकडे जाणारी हवी होती."

"मग तसं बोलावं ना! येणारीही बाजाराची, जाणारीही बाजाराची? माणसाने ओळखायचं कसं?"

हसता हसता वहिनी एकदम थांबल्या. "आई, पुन्हा म्हणा."

"काय, मेला?"

"नाही, त्याच्या पुढचं!"

पण पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. खोलीतून ओरडल्याचा आवाज आला. धाकटा धावला.

"भावोजी, उत्तरेचा वारा कुठून येतो?"

"उत्तरेकडून."

"आणि उत्तरेचा प्रवाह?"

"उत्तरेकडून?"

"नाही! प्रवाह उत्तरेकडे जातो! वारा आणि लाट कुठून आली ते लिहितात, प्रवाह कुठे चालला ते लिहितात. हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवते हो! आणि स्वतः काय केलं? तिन्ही एकाच चाळणीतून काढली!"

प्रवाहाचे सगळे बाण उलटे पडले होते. भरती-ओहोटीचं पाणी रोजच दोन्हीकडे धावतं, त्यामुळे एकेका दिवसाच्या तपासणीत कुणाला काही खटकलं नव्हतं. महिन्यांची बेरीज झाली की मात्र वाळू भलत्याच गावाला पोचायची. वहिनींनी बाण फिरवले आणि मॉडेल पुन्हा चालू केलं. आई अजून शेवटच्या स्टॉपवरच आहे, हे बऱ्याच वेळाने धाकट्याच्या लक्षात आलं. तो आणायला गेला आणि वाटभर बोलणी खाल्ली.

आठवड्याने मॉडेलचा हिशोब पुरा झाला. दांडा उत्तरेकडे गेला होता आणि खऱ्या दांड्यापासून होडीभर अंतरावर बसला होता. आईने साखर वाटली, कोरडीच.

एवढ्यावर गप्प बसतील तर त्या वाळूवहिनी कसल्या? आपली चूक त्यांनी प्रबंधात चांगली पानभर, आकृतीसकट छापली. सर हादरले. "जुळलंय ना आता? मग स्वतःचं हसं कशाला करून घेता?"

"सर, नाहीतर माझ्यामागून येणाराही हीच बस पकडेल."

धाकट्याने दुकानात त्या दिवसापासून "सवय होईल" म्हणणं सोडलं. पुन्हा पुन्हा नंबर तपासल्याने गिऱ्हाइकं थोडी वैतागतात, पण त्यांना नीट दिसतं.

पदवी मिळाली. पुढच्या मोसमात दांडा कुठे असेल, हे वहिनींनी शेवटच्या प्रकरणात नकाशावर काढून दाखवलं होतं. तो मोसम यायच्या आधीच बंदरखात्याने यंत्र लावून सगळा दांडा उपसला. ती वाळू गोदामामागच्या खड्ड्यात टाकली. तिथे आता ट्रक उभे करतात.