वाळलं तुमचं, हिरवं माझं

मोळीतली एक काटकी उपसायची, कानाजवळ न्यायची आणि मोडायची. कडकन आवाज आला तर मोळी सुटली. काटकी नुसती वाकली तर मोळी जमिनीवर. "वाळलं तुमचं, हिरवं माझं," एवढंच ते म्हणत. मी जंगल खात्यात कारकून आणि ते निगडीमागच्या डोंगराचे गार्ड. वयानं मोठे, म्हणून कचेरीत आम्ही त्यांना मामा म्हणायचो. एकदा माझी नवी लाकडी पट्टीही त्यांनी सवयीनं कानाशी नेली होती. मी ती वेळीच काढून घेतली.

डोंगर चढताना मामा उगाचच मोठ्यानं खोकत. मोळ्या विकणाऱ्या गावच्या बायकांना कोयते लपवायला वेळ मिळावा म्हणून. असे नोकर तुम्हीही पाहिले असतील, सरकारचा पगार खाणारे आणि गावाची लाज राखणारे.

पुढे पिंपरीला कारखाने उभे राहू लागले. परगावचे कामगार आले, त्यांच्या चुली आल्या, मोळ्यांना गिऱ्हाईक वाढलं. तरी मामांच्या डोंगरावर हिरवी फांदी तुटेना. त्या दिवसांत कचेरीत त्यांची ऐट बघण्यासारखी होती.

एका हिवाळ्यात मात्र धावड्याची झाडं उभ्या उभ्या वाळू लागली. मामांनी वाकून पाहिलं, तर बुंध्याची साल वीतभर गोल सोललेली. पावसाळ्यात सोलायचं आणि हिवाळ्यात वाळलं म्हणून न्यायचं. सगळं नियमात बसत होतं.

पंचनामा करा, असं मी सुचवलं.

"नियम माझा," मामा म्हणाले. "मग झाडं बी मीच मारली की."

दुसऱ्या दिवशी ते गावच्या पारावर जाऊन बसले. बायकांना बोलावलं, पण रागावले नाहीत. काय करायचं ते तुम्हीच सांगा, म्हणाले. मग एक म्हातारी पुढे आली.

"वाळलं पुरत न्हाई, दादा. हिरव्याला हात लावू द्या, पर पाळीनं. हिरीच्या पाण्याला आमी लावतो तशी."

डोंगराचे चार वाटे पडले. वर्षाला एकच वाटा, त्यातही फक्त फांद्या. बुंध्याला कोयता लावायचा नाही. खात्याच्या लेखी हा गुन्हाच होता. मामांना ते ठाऊक होतं, मलाही. मी वर काही कळवलं नाही.

त्याच वर्षी साहेबांची फेरी आली. तोडलेला वाटा दिसताच त्यांनी नावं मागितली. माझ्याच हुकमानं तोडलंय, एवढंच मामांनी सांगितलं. त्यांची बदली घाटाखाली झाली. कागद मी लिहिला, 'कामात हयगय' हे शब्दही माझ्याच हातचे. त्याची लाज मला अजून वाटते.

निघताना मामा म्हणाले, "आता सोलतील सगळा डोंगर. त्यांचा तरी काय दोष?"

नवा गार्ड दोन वर्षं आलाच नाही. डोंगर उघडाबोडका झाला असेल असं धरूनच मी एकदा वर गेलो. पहिल्या वाट्यातले धावडे नव्या फुटव्यांनी भरले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाट्यातल्या फांद्या तेवढ्या गेल्या होत्या. चौथ्याला कोणी हात लावला नव्हता.

घरी येऊन आधी मामांना पत्र लिहिलं. उत्तर त्यांच्या मुलाचं आलं. वडील पावसाळ्यातच गेले, आजारपणात त्या डोंगराचं काय झालं असेल एवढंच विचारत होते, आणि आम्हाला काही सांगता येत नव्हतं.