अडल्यानडल्याचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. प्रार्थनेत देवापुढेही त्यावरून घाईनं पुढे गेले. तुम्हाला सांगते.

आम्ही मिरजेत राहायचो. हे दवाखान्यात कंपाउंडर होते. पगार झाला की ते पैसे टेबलावर ठेवायचे, आम्ही डोळे मिटायचो, मग वाटणी. आधी देवाचा दशांश, मग भाडं, धान्य, मुलांची फी. शेवटी थोडं एका डब्यात – अडल्यानडल्यासाठी. "हे आपलं नव्हे, कुणाचं तरी आपल्याकडं ठेवलंय," हे म्हणायचे. डबा माझ्या ताब्यात असे.

त्या वर्षी नाताळात मी नायलॉनची साडी घेतली. आईनं पाठवली, असं ह्यांना सांगितलं. मिशनच्या देवळात उपासनेनंतर बायकांनी पदर हातात घेऊन पाहिला – मला फार बरं वाटलं. पैसे कुठले, ते तुम्ही ओळखलंच असेल. हळूहळू परत टाकीन असं ठरवलं होतं. टाकले का? नाही.

मग दुष्काळ पडला. जतकडून ह्यांची थोरली बहीण आली, मार्थावन्सं. विधवा, पदरात मुलगी. नुकत्याच तापातून उठलेल्या.

"वैनी, म्हैन्याची ज्वारी झाली तर लय झालं," त्या म्हणाल्या. "अंगात त्राण न्हाई. तेवढं दीस खडीवर जायला नगं."

हे लगेच म्हणाले, "डब्यातलं दे की सगळं."

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता. मी म्हणाले, "डबा रिकामा आहे. मागच्या गल्लीतल्या म्हातारीला दिले. उपाशी होती ती."

अशी म्हातारी नव्हतीच.

ह्यांनी माझ्याकडे किती अभिमानानं पाहिलं! आणि वन्सं? "बरं केलंसा," म्हणाल्या. "तिची नड मोठी असंल." ह्यांनी धान्याच्या पैशातून चार दिवसांची ज्वारी बांधून दिली. ती घेऊन त्या गेल्या.

आठवड्याभरात त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला बसल्या. कपची उडून डाव्या डोळ्यात गेली. मिरजेला आणेपर्यंत उशीर झाला होता. डोळा काढावा लागला.

त्यानंतर मुलीला घेऊन त्या आमच्याकडेच राहिल्या. चार घरची धुणी करायच्या आणि मिळेल ते माझ्या हातात द्यायच्या. देवळातल्या बायकांना सांगायच्या, "आमच्या वैनीच्या हातात पैसा म्हंजी देवाच्या हातात." मी तिथेच बसलेली असे – मान खाली घालून. बायकांना तो विनय वाटे.

आता वन्सं नाहीत, हेही नाहीत. संधी नव्हती असं म्हणू? एका छपराखाली राहत होतो, रोज एका ताटलीत भाकरी मोडत होतो. भीती वाटली असं म्हणू? तेही पुरतं खरं नाही. त्या मला चांगली म्हणत होत्या, आणि मला ते ऐकायला आवडत होतं.