ऑपरेशनच्या सकाळचा पेढा

देवीने एकदा जीव वाचवल्यावर तिच्याकडे पुन्हा काही मागणं म्हणजे निव्वळ हावरटपणा, असं माझ्या मनाने घेतलं होतं. कॅन्सरमुळे डावा स्तन काढला, केमो झाली, केसही परत आले. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई! आणि ही नशीबवान बाई ब्लाउजमधलं पॅड सरकलं की भर वर्गात शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. शेवटी पोटाचं मांस घेऊन नवा स्तन करायचं ठरलं. सात-आठ तासांचं ऑपरेशन. तेव्हापासून एकच भीती जिवाला खाऊ लागली. दिलं तेवढ्यावर हिचं भागलं नाही, म्हणून आई जगदंबा टेबलावरच सगळं परत घेईल. नवऱ्याला सांगितलं, तर तो "काहीतरीच तुझं!" म्हणून मोकळा झाला.

धंतोलीतल्या दवाखान्यात भरती झाले. रात्रीपासून पाणीसुद्धा बंद होतं. सकाळी सासूबाई थेट कोराडीहून, देवीचं दर्शन घेऊन आल्या आणि पदराआडून पेढा काढला. "तोंडात टाक वं. देवीचा प्रसाद हाय, त्यानं का होते?" उपाशी राहायचं बजावलेलं मला पक्कं माहीत होतं. पण त्या दिवशी प्रसादाला नाही म्हणायची माझी काय बिशाद! खाल्ला.

भुलीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत का? जिभेवर अजून वेलदोड्याची चव होती. खरं सांगून टाकलं. बाई अशा उखडल्या की विचारू नका. भुलीत पोटातलं अन्न श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतेल, म्हणाल्या, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. सासूबाईंचा चेहरा पार उतरला, त्या खाली जाऊन बसल्या. मला मात्र खात्रीच पटली की देवीने दार लावून घेतलं. मी मुकाट्याने बॅग भरायला घेतली. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

दुपारी बाजूच्या रिकाम्या खाटेवर एक बाई येऊन टेकली होती. कन्हानची, वर्षभरापूर्वी माझ्यासारखंच ऑपरेशन झालेली, आता तपासणीला आलेली. "काहून रडून राहिली वं?" तिने विचारलं, आणि सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेलं मी तिला भडाभडा सांगितलं.

तिने उठून पडदा ओढला आणि ब्लाउजचे हुक काढले. "पाह्य इकडं. हात लाव, लाजू नको." मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाहिलं. टाक्यांची रेघ होती, रंग थोडा वेगळा, दोन्ही बाजू अगदी सारख्याही नव्हत्या. मी भीतभीत हात ठेवला.

"मले तिथं काईच लागत नाही," ती म्हणाली. "पण तुया हाताले गरम लागते ना?"

लागत होतं. जिवंत माणसाची ऊब होती ती.

"अन् आई का सावकार हाय, दिलेलं वसूल कराले? लेकरानं दुसऱ्या खेपेले मागतलं त मारते का कोणी?" हसत हसत तिने हुक लावले. तेवढ्यात तिला आत बोलावलं आणि ती गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. पेढा खाल्ला नसता, तर त्या दुपारी मी भुलीत असते आणि ती मला भेटली नसती. यात कोणाचा हात, ते मला ठाऊक नाही, आणि मी कुणाशी वादही घालणार नाही. बॅगेतले कपडे तेवढे परत बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी वाटलं होतं, आता धीर येईल. कसला धीर! स्ट्रेचरवर दात वाजत होते. लहानपणापासून पाठ असलेल्या स्तोत्राची एक ओळ आठवेना. तोंडातून एवढंच निघालं, "आई गं, मी फार भ्यायले आहे." मग भूल चढली.

सगळं नीट पार पडलं. त्या कन्हानच्या बाईला मी रोज मनोमन हात जोडते. श्रद्धा पक्की असली की भीती जाते, असं मी जन्मभर ऐकत आले. माझी नाही गेली. तशीच लटलटत मी आईच्या ओटीत पडले, आणि तिने मला तशीच झेलली.